चारशे बारा मीटरवरचं तळं

१

रविवारचा सकाळचा चहा झाला की देवदत्तराव डायनिंग टेबल रिकामं करायचे आणि त्यावर नकाशा पसरायचे. कोपरे वर वळू नयेत म्हणून साखरेचा डबा, चष्म्याचं घर आणि ग्रॅनाइटचे दोन तुकडे. कॅनडातल्या वॉन गावातल्या त्या घरात हा कार्यक्रम मार्चपासून चालू होता. बाहेर बर्फ होतं तेव्हा सुरू झाला. आता २००९चा ऑगस्ट उजाडला होता.

"अहो, मूस झालं, हरीण झालं," जयंतीबाई भाजी निवडायला जागा शोधत म्हणायच्या. "आता त्या अस्वलाने तुमचं काय घोडं मारलंय?"

"अस्वल राहिलंय म्हणूनच."

देवदत्तराव मूळचे नागपूरचे. बहात्तर साली भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून कॅनडात आले आणि तीस वर्षं उत्तर ओंटारियोतल्या खाणकंपन्यांसाठी कनूतून, म्हणजे वल्ह्याच्या हलक्या होडीतून, हिंडत खडक तपासत राहिले. शिकार शिकले ते तिथल्या फिनिश सहकाऱ्यांकडून. निवृत्तीनंतर मुलीजवळ राहायला म्हणून वॉनला आले. आता वय चौसष्ट, गुडघे कुरकुरायला लागलेले. ही शेवटची शिकार, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

जागाही ठरलेली होती. सुपीरियर सरोवराच्या उत्तरेला, शेकडो तळ्यांच्या जाळ्यात एक तळं होतं. त्याला नाव नव्हतं. निळ्या डागाच्या मधोमध समुद्रसपाटीपासूनची उंची तेवढी छापलेली: ४१२. पस्तीस वर्षं ते हा आकडा नकाशावर बघत आले होते आणि काही ना काही होऊन तिथे पोचायचं राहूनच गेलं होतं.

जोडीला जावई होता. शंतनु पुण्याचा, एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करणारा. त्यांच्या मुलीशी, ईशिताशी, लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. त्याने शिकारीचा कोर्स केला, परीक्षा पास झाला, आणि सगळ्या बेताची एक्सेल शीट बनवली. सासऱ्याला नाही म्हणवत नव्हतं की खरंच जायचं होतं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

बेत सरळ होता. शिकारीचा हंगाम सप्टेंबरात उघडायचा. त्याआधी दोघांनी बंदुकीशिवाय एक चक्कर मारून सगळं बघून ठेवायचं. अस्वलं कुठल्या उतारावर ब्लूबेरी खायला येतात, वारा कुठून वाहतो, दबा धरून बसायचं कुठे. आणि अस्वल पडल्यावर मांस खराब व्हायच्या आत गाडीपर्यंत आणायचं कसं. कारण मध्ये चार पोर्टेज होते. म्हणजे एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना कनू आणि सामान खांद्यावर घेऊन जंगलातून चालायचं.

"बाबा, दीडशे किलोचं अस्वल आणि चार पोर्टेज," शंतनु शीटकडे बघत म्हणाला. "प्रत्येकी सहा फेऱ्या. सीरियसली?"

"मग बारीक अस्वल बघू, जावईबापू."

२

चौदा तास गाडी, मग लाकूडतोडीचा कच्चा रस्ता, आणि तो संपला तिथून पाणी.

दोन दिवस वल्हवण्यात गेले. कनू उलटी करून डोक्यावर घेतली की शंतनुला स्वतःचे बूट तेवढे दिसायचे. तो डासांना मराठीत आणि चिखलाला इंग्लिशमध्ये शिव्या द्यायचा. देवदत्तराव पुढे चालत "मुळं आहेत", "उतार आहे", "वाक आता" असं सांगत राहायचे. वॉनच्या घरात दोघांना एकमेकांशी बोलायला विषय शोधावा लागे. इथे तशी गरजच पडली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी चौथा पोर्टेज संपला. स्प्रूसच्या झाडांची गर्दी विरळ झाली आणि समोर वाळूची छोटी खाडी, तिच्यापलीकडे तळं.

शंतनुने डोक्यावरची कनू वाळूवर उतरवली.

तळं फार मोठं नव्हतं. लांबी दीड किलोमीटर, रुंदी एक. सभोवती गुलाबी ग्रॅनाइटचा काठ, त्यामागे काळंहिरवं जंगल. पण पाणी! शंतनुने कनू पाण्यात ढकलली तेव्हा ती हवेत तरंगतेय असं वाटलं. तिची सावली खाली वाळूवर स्वच्छ पडली होती, दोरीच्या गाठीसकट.

"मी असं पाणी कधी पाहिलं नाही," शंतनु हळू आवाजात म्हणाला. का कोण जाणे, मोठ्याने बोलावंसं वाटेना.

"मी पाहिलंय. आम्लपावसाने मेलेली तळी अशीच असतात. मासा नाही, शेवाळ नाही. म्हणून लूनही नाहीत इथे. ऐक."

शंतनुने कान दिला. आधीच्या प्रत्येक तळ्यावर लून पक्षी हाका मारत होते. इथे कसलाच आवाज नव्हता.

स्पष्टीकरण पटण्यासारखं होतं. देवदत्तरावांना स्वतःलाही ते पटलं.

खाडीच्या कडेला त्यांनी तंबू ठोकला. जेवण झाल्यावर शंतनुने पातेलं घासून पाण्याकाठच्या एका सपाट खडकावर पालथं घातलं. खडक कोरडा होता, उन्हाने अजून कोमट.

३

सकाळी पातेलं पाण्याखाली होतं.

जागचं हललं नव्हतं. त्याच खडकावर, तसंच पालथं. फक्त खडकावर वीतभर पाणी. कनूची शेपटीही पाण्यात हलकेच डुलत होती, आणि काल तर त्यांनी ती पुरती वर ओढून ठेवलेली.

"रात्री पाऊस झाला का?"

"नाही." देवदत्तरावांनी तंबूवर हात फिरवला. कापड सुकं होतं. "वारा असेल. लांबट तळ्यात वारा पाणी एका टोकाला लोटतो. थोड्या वेळाने परत येतं."

"पण वारा कुठेय?"

वारा नव्हता. कालपासून एक पान हललं नव्हतं. देवदत्तरावांनी बाही वर करून पातेलं काढलं. पाणी इतकं गार होतं की मनगटाचं हाड दुखलं. त्यांनी चहा ठेवला आणि वहीत पाण्याच्या पातळीची नोंद केली. ती जुनी सवय होती. जे कळत नाही ते लिहून ठेवायचं, उलगडा मागाहून होतो.

४

अस्वलाच्या खुणा सापडायला वेळ लागला नाही. बर्चच्या सालीवर नखांचे ओरखडे, ब्लूबेरीने भरलेली विष्ठा. आणि खाडीपासून पन्नास पावलांवर देवदत्तरावांना ती वाट दिसली.

"शंतनु! इकडे ये. हे बघ, हे नशिबात असेल तरच बघायला मिळतं."

शेवाळाच्या जाड गादीत खड्डे पडले होते. एक डावा, एक उजवा, परत डावा. जंगलातून येऊन ते सरळ पाण्याकडे उतरत होते.

"काही अस्वलं अशी चालतात. नेमकं आधीच्याच पावलात पाऊल टाकून. बाप चालला, लेक चालला, नातू चालला. तीच वाट, तेच खड्डे. ही शेकडो वर्षांची असेल."

त्यांचा चेहरा पोरासारखा उजळला होता. सगळा बेत इथेच जुळत होता. दबा समोरच्या दगडामागे धरायचा, कनू खाडीत, अंतर साठ पावलं. शंतनु जीपीएसवर जागा टिपू लागला.

देवदत्तराव वाटेच्या कडेने पाण्यापर्यंत गेले. काठाकाठाने वाट कुठल्या बाजूला वळते ते त्यांना बघायचं होतं.

वाट वळत नव्हती. शेवटचा खड्डा काठाच्या वाळूत होता, आणि त्यापुढचा पाण्यात. पुढे आणखी एक, आणि आणखी. नितळ पाण्याखाली डावं-उजवं, डावं-उजवं.

"पाण्यात उतरलंय," ते स्वतःशीच म्हणाले. "इथून पोहत जात असेल."

म्हणजे पाय टेकत नाहीत तिथे ठसे थांबायला हवेत. ते कुठे थांबतात हे बघायला दोघे कनूत बसले.

५

ठसे थांबले नाहीत.

कंबरभर पाण्यात होते, पुरुषभर पाण्यात होते. त्याच्याही पुढे, कुठलंही अस्वल पोहण्याशिवाय जाऊच शकणार नाही अशा खोलीवर वाळूत तीच रांग शांतपणे पुढे चालली होती. देवदत्तराव पुढे बसून कनूच्या कडेवरून वाकून बघत होते. शंतनु मागून वल्हवत होता.

"पूर्वी पाणी कमी असणार," देवदत्तराव म्हणाले. "बीव्हरने बांध घातला, पातळी वाढली, जुनी वाट बुडाली."

"बांध दिसला का कुठे?"

"नाही." थोड्या वेळाने ते म्हणाले, "आणि बुडालेली झाडं असायला हवीत. एकही नाही."

शंतनुने कॅमेरा काढून दोनतीन फोटो घेतले. पडद्यावर फक्त आकाश उमटलं.

मग देवदत्तरावांच्या लक्षात आलं की प्रत्येक ठशावर धूर असल्यासारखं काहीतरी आहे. पाय पडल्यावर तळाचा गाळ उडतो, त्याचा पुंजका. काठाजवळच्या ठशांवर तो जेमतेम होता. जसजसं पुढे जावं तसतसा दाट होत होता, अजून खाली बसायचा होता.

ही वाट जुनी नव्हती. कुणीतरी आत्ताच, त्यांच्या थोडंसंच पुढे, तळावरून चालत गेलं होतं.

"बाबा, परत फिरू या."

"थांब जरा."

भीती वाटायला हवी होती, आणि ती होतीही. पण तिच्यावर दुसरंच काहीतरी पसरत चाललं होतं. देवदत्तरावांनी आयुष्यभर नकाशे काढले होते. अंतर आणि आकार यांचं गणित त्यांच्या डोळ्यांतच होतं. खोल गेलेली वस्तू लहान दिसते. हे ठसे लहान होत नव्हते. काठाशी ताटलीएवढे दिसले होते, आणि आता तळ कितीतरी खाली गेला तरी ताटलीएवढेच दिसत होते.

त्यांनी मासे धरायच्या दोरीला दगड बांधून सोडला. दोरी शंभर फुटांची. ती संपली, हातात ताणली गेली, आणि दगड मधेच लोंबकळत राहिला, एखाद्या मण्याएवढा. त्याच्या खूप खाली ठसा होता. ताटलीएवढा.

शंभर फुटांपलीकडचं इतकं स्पष्ट कुठल्याच पाण्यात दिसत नाही, हेही त्यांना माहीत होतं.

"तो ठसा खरा केवढा असेल?" शंतनुने विचारलं. त्यालाही कळलं होतं.

देवदत्तरावांनी मनात आकडेमोड सुरू केली आणि अर्ध्यात सोडून दिली. वॉनमधलं त्यांचं घर अंगणासकट त्या एका पावलात मावलं असतं.

६

तळ्याच्या मध्यावर शंतनुने वल्हवणं थांबवलं. वल्ह्याच्या टोकावरून पाण्याचे थेंब पडत होते, आणि साऱ्या तळ्यावर तेवढाच आवाज होता.

"बाबा. पलीकडे."

समोरच्या काठाशी पाण्यातून दोन कान वर आले. मग डोकं, मग खांदे. ते पोहत नव्हतं. पायऱ्या चढून यावं तसं एकेक पाऊल टाकत वर येत होतं. देवदत्तरावांनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

अस्वल होतं. काळं, तपकिरी नाकाचं, साधं अस्वल. फार तर दीडशे किलोचं. अशी त्यांनी उभ्या आयुष्यात शेकडो पाहिली होती. हायसं वाटून ते हसणार, तेवढ्यात त्यांना दिसलं की त्याच्या अंगावरून पाणी निथळत नाहीये. काठावर आल्यावर त्याने अंग झटकलं नाही. केस कोरडे होते, उन्हात चमकत होते. त्याने एकदा तळ्याकडे मान वळवली आणि ते झाडीत शिरलं.

त्याचा मागचा पाय पाण्याबाहेर पडला आणि कनू खाली गेली.

माणसांना खाणीत उतरवणारा पिंजरा सुटताना पोटात जसा खड्डा पडतो, तसा पडला. लाट नव्हती, भोवरा नव्हता. सबंध तळंच खाली उतरलं होतं. सगळ्या बाजूंनी एक आवाज आला, खडकांवरून पाणी ओघळल्याचा, खूप मोठ्या कुणीतरी सोडलेल्या श्वासासारखा. देवदत्तरावांनी चौफेर नजर फिरवली. गुलाबी काठावर सभोवार एक काळी ओली पट्टी उमटली होती. वीतभर रुंद.

दीड किलोमीटर लांब, एक रुंद, वीतभर खोल. हे गणित मात्र त्यांच्याकडून होऊन गेलं, ते थांबवू शकले नाहीत. तीन लाख टन पाणी. एक अस्वल बाहेर पडलं, आणि त्याने व्यापलेली एवढी जागा रिकामी झाली.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. का, ते त्यांना कळलं नाही. लहानपणी रामटेकच्या गडावर, वडिलांच्या खांद्यावरून पहिल्यांदा खालचं सगळं जग दिसलं होतं, तेव्हा असंच झालं होतं.

"शंतनु," ते म्हणाले, "वळव."

७

ते परत निघाले. खाडी तीनशे पावलांवर आली असेल तेव्हा पोटात पुन्हा तेच झालं, उलट बाजूने. कनू हळूच वर उचलली गेली. काठावरची काळी पट्टी बघता बघता पाण्याखाली गेली.

"ते परत पाण्यात उतरलंय," शंतनु म्हणाला.

"खाली बघू नकोस. समोर बघ. मार वल्हं."

कनू वाळूला लागली. पाठपिशव्या तंबूपाशी होत्या, आणि परतीचा पोर्टेज वरच्या झाडीतून निघत होता. त्याआधी ती खड्ड्यांची वाट ओलांडावी लागणार होती. शंतनु पळणार होता. देवदत्तरावांनी त्याचं मनगट धरलं. मागे वळून न बघताही त्यांना कळत होतं, की पाण्याखालची रांग आता उलट दिशेने, काठाकडे येत आहे.

"पळायचं नाही. ही त्याची वाट आहे. आपण बाजूला व्हायचं."

ते जावयाला ओढत वाटेलगतच्या एका जुन्या स्प्रूसपाशी घेऊन गेले. "झाडाकडे तोंड कर. डोळे मीट." त्यांनी स्वतःची टोपी काढून छातीशी धरली आणि कपाळ सालीला टेकलं. देवळात, मोठ्या माणसांसमोर, आईच्या अंत्यसंस्काराला ते असेच उभे राहिले होते. टोपीसकट हात आपोआप जोडले गेले.

पाणी ओघळल्याचा तोच लांब श्वास मागे ऐकू आला. तळं पुन्हा खाली गेलं.

मग वास आला. दोन हजार फुटांखालच्या, वर्षानुवर्षं बंद पडलेल्या बोगद्यात असतो तसा. उन्हाने कधीच न पाहिलेल्या पाण्याचा आणि दगडाचा वास. पाठ गार पडली. शेवाळ दाबलं जात होतं, ओला स्पंज पिळावा तसा आवाज येत होता. घाई नव्हती त्यात. जवळून जाताना ते त्यांच्याकडे बघतंय असं देवदत्तरावांना वाटलं नाही. पर्वताने कधी बघितलंय कुणाकडे? त्यांना फक्त एवढंच कळत होतं की आपण फार लहान आहोत, आणि आपल्याला उभं राहू दिलं जातंय. त्यात अपमान नव्हता. उलट, इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

शांत झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. शेवाळातले खड्डे सावकाश वर फुगत होते. शंतनु शेजारी उभा होता, पांढराफटक, दोन्ही हातांनी झाडाला धरून.

गुडघे आखडले होते. खाडीवर उतरले होते तेव्हा ऊन डोक्यावर होतं. आता ते झाडांच्या शेंड्यांआड चाललं होतं. भीतीत वेळेचं भान राहत नाही, असं देवदत्तराव स्वतःला म्हणाले. अर्धा तास असेल फार तर.

तंबू त्यांनी तसाच गुंडाळला आणि अंधार व्हायच्या आत चौथा पोर्टेज मागे टाकला. पलीकडच्या तळ्यावर लून ओरडत होते. शंतनु ते ऐकून खाली बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

८

सप्टेंबर आला आणि गेला. देवदत्तराव शिकारीला गेले नाहीत. बंदुका त्यांनी सडबरीच्या एका जुन्या मित्राला देऊन टाकल्या. जयंतीबाईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तिथे शिकार नाही." त्यांनी एकदा नवऱ्याकडे नीट पाहिलं, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

शंतनु पूर्वीपेक्षा जास्त वेळा येऊ लागला. गराज आवरायचा, पानं गोळा करायचा, देवदत्तरावांच्या शेजारी नुसता बसायचा. त्या दिवसाबद्दल मात्र दोघांपैकी एकानेही अवाक्षर काढलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळी दोघे ड्राइव्हवेमध्ये गाडीला विंटर टायर लावत होते. शंतनु चाकापाशी उकिडवा बसला होता.

"बाबा, तुम्ही डोळे मिटूनच होतात ना? शेवटपर्यंत?"

देवदत्तरावांच्या हातातला पाना थांबला. "हो."

"मी एकदा उघडले." त्याने मान वर केली नाही. "काय दिसलं, विचारणार नाही तुम्ही?"

"सांगायचं असेल तर सांग."

"दिसलं असं काही नाही. अंग होतं. केस. हाताच्या अंतरावर, काळे, कोरडे. पुढे चाललं होतं, हळूहळू. मी परत मिटले. मनात हजारपर्यंत आकडे म्हटले, एकही गाळला नाही. मग वाटलं, आता गेलं असेल." त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. गाभाऱ्यातून बाहेर आलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा होता.

"परत उघडले डोळे. ते जातच होतं, बाबा."